एकतिसावा डबा
(पास्कल, सी आणि मावशीचा हिशेब)

फर्स्ट इयरला पाऊल टाकल्या टाकल्या प्रत्येकाला एक प्रश्न पडतो आणि फायनल इयरच्या फेअरवेलपर्यंत तो सुटत नाही. "कुठली लँग्वेज शिकू?" सिनियर म्हणतात पायथन. क्लासवाले म्हणतात जावा, कारण त्यांच्याकडे जावाचीच बॅच रिकामी असते. कुणाचा तरी चुलतभाऊ अमेरिकेतून सांगतो की काहीच शिकू नका, आता सगळं एआयच लिहितो. मीसुद्धा हा प्रश्न घेऊन दोन वर्षं मुलुंड ते कॉलेज अशी उभ्याने ये-जा केली. मग घाटकोपरला, मावशीच्या स्वयंपाकघरात, माझ्याच एका चुकीमुळे कळलं की प्रश्नच थोडा चुकीचा विचारला जातोय. त्या चुकीची ही गोष्ट. आणि त्या निमित्ताने ज्यांची नावं आपण फक्त वायवापुरती पाठ करतो, त्या काही मोठ्या लोकांचीही.

मावशी घरून डबे देते. चाळीसेक गिऱ्हाइकं, बहुतेक एकटे राहणारे नोकरदार आणि दोन-तीन वयस्कर जोडपी. हिशेब वहीत. नावापुढे तारखांचे रकाने, रोज किती डबे गेले त्याचा आकडा, आणि शेवटच्या रकान्यात मागची बाकी. सेकंड इयर संपल्यावर सुट्टीत मी मोठ्या ऐटीत म्हटलं, "मावशी, वही बंद कर, मी तुला प्रोग्रॅम लिहून देते." लॅबमुळे हात सी वर बसलेला, म्हणून सी मध्ये लिहिला. प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक स्ट्रक्चर. त्यात नाव, त्यानंतर 'डबे' नावाचा ३१ खणांचा अ‍ॅरे आणि त्याला लागूनच 'बाकी'.

जूनमध्ये प्रोग्रॅम सुरू झाला. ३० जूनला बिलं निघाली. मावशीने रात्री वहीशी ताडून पाहिलं, एका रुपयाचाही फरक नाही. तिने वही खरंच कपाटात ठेवून दिली. मला वाटलं, टेस्टिंग झालं!

१ ऑगस्टला जुलैची बिलं वाटली. संध्याकाळी मावशीचा फोन. "अगं, दुसऱ्या मजल्यावरच्या काकांची बाकी आठशे चाळीस होती ना? बिलात दोन रुपये दिसतंय." मग एकेक बिल बघितलं. कुणाची बाकी २, कुणाची १. ज्यांनी ३१ तारखेला सुट्टी घेतली होती आणि मावशीने इमानदारीने शून्य भरलं होतं, त्यांची बाकी थेट शून्य. डब्यांची संख्या मात्र सगळ्यांची बरोबर, त्यामुळे वरवर पाहता काही चुकलंय असं वाटतच नव्हतं. आकडे मावशीला तोंडपाठ होते. पण छापील बिल गिऱ्हाइकाच्या हातात होतं. बहुतेकांनी "तुमचंच बरोबर असणार हो" म्हणत पैसे दिले. दोघांनी कागद पुढे केला. तेवढे पैसे गेले ते गेलेच. मावशी मला एक शब्दही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

झालं होतं ते असं. सी मध्ये अ‍ॅरेची मोजणी शून्यापासून. ३१ खण म्हणजे शून्य ते तीस. मी तारीख तशीच्या तशी खणाचा नंबर म्हणून वापरली, एक तारीख म्हणजे एक नंबर. शून्याचा खण रिकामा पडून राहिला, आणि जून तीस दिवसांचा असल्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. ३१ जुलैचा आकडा ठेवायला अ‍ॅरेमध्ये खणच नव्हता. सी ने काय केलं? काही नाही. गुपचूप पुढच्या जागेत लिहिलं. आणि पुढच्या जागेत राहत होती 'बाकी'. चाळीतल्या शेवटच्या खोलीचं पत्र शेजारच्या चाळीतल्या पहिल्या खोलीत पडावं, आणि पोस्टमनने वर त्यांचं जुनं पत्र उचलून न्यावं, तसं.

कंपायलरने वॉर्निंग दिली नाही. प्रोग्रॅम क्रॅश झाला नाही. नवल म्हणजे बेरीज करताना मी पुन्हा त्याच एकतिसाव्या खणात, म्हणजे बाकीच्या घरात, डोकावत होते आणि तिथे ३१ तारखेचेच डबे सापडत होते. म्हणून एकूण डबे बरोबर! चूक स्वतःच स्वतःला झाकत होती.

आमच्या एका सरांना हे सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "ही चूक तुझ्यापेक्षा वयाने खूप मोठी आहे. आधी होअर वाच."

टोनी होअर म्हणजे आपल्याला माहीत असलेले क्विकसॉर्टवाले. जन्म १९३४ चा, कोलंबोचा. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते इंग्लंडमधल्या इलियट ब्रदर्स या कंपनीत होते आणि त्यांच्या टीमने अल्गॉल ६० या भाषेचा कंपायलर बनवला. त्यात त्यांनी एक गोष्ट पक्की ठरवली. अ‍ॅरेच्या कुठल्याही खणाला हात लावायचा तर प्रोग्रॅम चालू असताना, दर वेळी, तो नंबर हद्दीत आहे का हे तपासायचं. आजच्या मानाने त्या मशीन म्हणजे बैलगाड्या. प्रत्येक तपासणीला वेळ लागणार, तरीही तपासायचं. पुढे काही वर्षांनी कंपनीने गिऱ्हाइकांना विचारलं, वेग हवा असेल तर ही तपासणी बंद करायची सोय देऊ का? सगळ्यांनी नको म्हणून सांगितलं. कारण रोजच्या कामात असल्या चुका किती वेळा पकडल्या जातात हे त्यांनी बघितलं होतं. १९८० साली ट्युरिंग अवॉर्ड घेताना होअर यांनी ही गोष्ट सांगितली आणि खंत व्यक्त केली की इतकी वर्षं झाली तरी भाषा बनवणारे हा धडा शिकलेले नाहीत. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या कुठल्याही शाखेत असली साधी काळजी न घेणं केव्हाच बेकायदा ठरलं असतं. आपल्या सिव्हिलच्या मित्रांनी हे वाक्य आम्हा कॉम्प्सवाल्यांना जरूर ऐकवावं.

मला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की तपासणी नको म्हणायची संधी मिळूनही ती हवी म्हणणारी माणसं कंपायलर बनवणारी नव्हती, गिऱ्हाइकं होती. मावशीला कुणी विचारलं असतं तर तिनेही तेच सांगितलं असतं. पण मी तिला विचारलंच नव्हतं. मी भाषा निवडली ती माझ्या सवयीने. बिल फुटलं तिच्या नावावर.

इथून पुढचा माणूस निकलाउस विर्थ. स्वित्झर्लंडचा, तोही १९३४ च्याच जन्माचा. १९६० च्या दशकात होअर आणि विर्थ या दोघांनी मिळून अल्गॉलची एक सुटसुटीत सुधारित आवृत्ती सुचवली होती. समितीला ती फारच साधी वाटली. समितीने अल्गॉल ६८ नावाची मोठी, अवजड भाषा पसंत केली, आणि विर्थ झुरिकला जाऊन स्वतःची भाषा करत बसला. १९७० मध्ये ती प्रसिद्ध झाली. पास्कल. आपल्या सिलॅबसमधून ती गेली त्याला जमाना झाला. आपल्यातल्या कितीजणांच्या पालकांनी ती शिकली असेल, घरी विचारून बघा.

पास्कलमध्ये अ‍ॅरे शून्यापासून सुरू व्हायची सक्ती नाही. 'तारीख म्हणजे १ ते ३१' असा एक नवा प्रकारच जाहीर करता येतो, आणि 'डबे' हा तारखेने मोजायचा अ‍ॅरे आहे असं सांगता येतं. म्हणजे माझ्या डोक्यात जे होतं तेच कागदावर. मग कुणी ३२ तारीख घालायला गेलं तर भाषेला कळतं की हे भलतंच काहीतरी आहे. विर्थचं म्हणणं थोडक्यात असं, की टाइप म्हणजे नुसता मेमरीत किती बाइट लागतील याचा हिशेब नाही. प्रोग्रॅमरने आपल्या मनातलं गृहीत धरलेलं काय आहे ते उघड लिहून देणं म्हणजे टाइप. लिहून दिलं की मशीन तपासू शकतं. मनात ठेवलं तर कोण तपासणार?

(अर्थात पास्कल म्हणजे काही रामबाण नव्हे. पुढे लोकप्रिय झालेल्या टर्बो पास्कलमध्ये ही हद्द-तपासणी मुळात बंदच असायची, मुद्दाम चालू करावी लागे. होअर यांच्या गिऱ्हाइकांना विचारलं तरी गेलं होतं. इथे कुणी विचारलंसुद्धा नाही!)

लिहिण्याच्या खुणा बदलल्या की विचार बदलतो, हे केनेथ आयव्हर्सन यांनी १९७९ च्या आपल्या ट्युरिंग व्याख्यानात मांडलं. एपीएल ही सगळी चित्रविचित्र चिन्हांची भाषा त्यांची. मला हे वाचताना मावशी आठवली. ती लहानपणी आजोबांकडून पावकी, निमकी, दिडकी शिकलेली. अर्धा डबा घेणारं एक गिऱ्हाईक आहे, त्याचे साडेतेवीस डबे सत्तरच्या दराने किती, हे मी कॅल्क्युलेटर उघडेपर्यंत ती सांगून मोकळी होते. अपूर्णांकाला तिच्याकडे नाव आहे, पाढा आहे. माझ्याकडे फक्त फ्लोट आहे.

आता डायक्स्ट्रा. एडस्खर डायक्स्ट्रा, नेदरलँड्सचे, १९३० ते २००२. वायवाला एक्स्टर्नल हमखास विचारतात, "गोटू का वापरू नये?" आपण म्हणतो, "सर, स्पॅगेटी कोड होतो." दोन मार्क. पण त्यांनी १९६८ साली लिहिलेल्या त्या प्रसिद्ध पत्रात नेमकं काय म्हटलं होतं, हे मी तोपर्यंत वाचलंच नव्हतं. पत्र छोटंसं आहे. मुद्दा असा की माणसाला स्थिर गोष्टींमधले संबंध चांगले कळतात, पण काळाबरोबर बदलत जाणारी गोष्ट डोळ्यासमोर आणणं त्याला जड जातं. म्हणून कागदावरचा प्रोग्रॅम आणि प्रत्यक्ष चालणारा प्रोग्रॅम यांच्यातलं अंतर जितकं कमी तितकं बरं. आपल्याला हे समजायला लोकलपेक्षा चांगलं उदाहरण नाही. कर्जत फास्ट कुठे पोचली हे कुर्ला, घाटकोपर, ठाणे असं स्टेशनचं नाव घेऊन सांगता येतं, कारण रूळ ठरलेले आहेत. गोटू म्हणजे ठाण्यानंतर गाडी एकदम वसईला. मग नुसतं स्टेशनचं नाव सांगून ती कुठून आली, आता कुठे जाणार, काहीच कळणार नाही. गंमत म्हणजे 'गोटू घातक आहे' हे आपण पाठ करतो ते शीर्षक डायक्स्ट्रा यांचं नव्हेच. त्या नियतकालिकाच्या त्या भागाचे संपादक होते विर्थ, त्यांनी ते बदललं.

याच डायक्स्ट्रांचा दुसरा मुद्दा माझ्या वर्मी बसला. टेस्टिंगने चूक आहे हे दाखवता येतं, चूक नाही हे कधीच दाखवता येत नाही. माझा अख्खा जून महिना म्हणजे या एका विधानाचं प्रात्यक्षिक. चाळीस गिऱ्हाइकं, तीस दिवस, बाराशे नोंदी, सगळ्या बरोबर. आणि त्यातली एकही एकतीस तारखेची नाही.

आणि आता खरी पंचाईत. विर्थच्या म्हणण्याप्रमाणे तारीख एकपासूनच मोजू द्यावी. डायक्स्ट्रांनी मात्र १९८२ साली हाताने लिहिलेल्या एका टिपणात मोजणी शून्यापासूनच का करावी हे पटवून दिलंय. (पुढच्या काळात ते हातानेच लिहीत, शाईच्या पेनाने, आणि एकूण तेराशेच्या वर टिपणं त्यांनी लिहून ठेवली.) शून्यापासून मोजलं आणि शेवटचा आकडा बाहेर ठेवला, तर वरच्या हद्दीतून खालची वजा केली की थेट संख्या मिळते, आणि रिकामी यादी लिहितानाही अडचण येत नाही. युक्तिवाद बिनतोड आहे. फक्त कॅलेंडर बनवणाऱ्यांनी तो वाचला नव्हता. मला वाटतं, दोघेही बरोबर आहेत, कारण दोघांचंही मूळ सांगणं एकच: हद्द कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते आधी ठरवा, लिहा. मी ठरवलंच नव्हतं. अर्धं डोकं कॅलेंडरचं आणि अर्धं सी चं, अशी खिचडी केली होती.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, हे सगळे झुरिकचे नि ऑक्सफर्डचे लोक, आपला काय संबंध? मलाही तसंच वाटत होतं. भाषा 'तिकडे' बनतात, आपण त्या फक्त शिकतो आणि बिलिंग करतो, असं एक चित्र डोक्यात असतं. अंधेरीच्या सीप्झमध्ये सकाळी शिरणारी गर्दी बघितली की ते आणखी पक्कं होतं. पण मुंबईचं चित्र तेवढंच नाही.

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, १९६० साली भारतात बनवलेला टिफ्रॅक हा कॉम्प्युटर रीतसर सुरू झाला. नाव दिलं नेहरूंनी, १९६२ मध्ये. त्याची मेमरी २०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटचा. गुणून बघा, १० केबी भरते. व्हॉट्सअ‍ॅपवर येणारं सुप्रभातचं एक चित्रही त्यात मावणार नाही. हे काम करणाऱ्या गटाचे प्रमुख आर. नरसिंहन. १९६४ मध्ये तिथे सीडीसी ३६०० हे अमेरिकन मशीन आलं, त्याबरोबर फोरट्रान आली, आणि देशभरातल्या संस्थांचे प्रोग्रॅम तिथे चालू लागले. पण हे लोक नुसते वापरणारे नव्हते. १९६७ मध्ये नरसिंहन यांनी प्रोग्रॅमिंग भाषा आणि कॉम्प्युटर या दोघांना एकाच सैद्धांतिक चौकटीत कसं बसवता येईल यावर एक मोठा लेख प्रसिद्ध केला. म्हणजे डायक्स्ट्रांचं पत्र आलं त्याच्या आधीच्या वर्षी कुलाब्यात 'भाषा म्हणजे मुळात काय' यावर विचार चालू होता.

आणि पास्कलच्या गोष्टीत तर एका भारतीयाचं नाव अगदी मधोमध आहे. हा भाग मला स्वतःला फार आवडतो म्हणून जरा सविस्तर सांगते.

पास्कलचा पहिला कंपायलर झुरिकला सीडीसी ६००० या मशीनसाठी लिहिला गेला. आधी तो फोरट्रानमध्ये लिहायचा प्रयत्न झाला आणि फसला. मग कंपायलर पास्कलमध्येच लिहायचं ठरलं. पण पास्कलचा कंपायलर अजून नाही, मग पास्कलमध्ये लिहिलेला कंपायलर चालवणार कशावर? आधी कोंबडी की आधी अंडं? विर्थच्या एका सहकाऱ्याने तो हातानेच खालच्या पातळीच्या भाषेत उतरवून काढला. एकदा तो चालला की पुढचा कंपायलर त्याच्यावर. आपण पुस्तकात 'बूटस्ट्रॅपिंग' वाचतो ते हे.

भाषा आवडली तशी जगभरातून पत्रं येऊ लागली: आमचं मशीन वेगळं आहे, आम्हाला पास्कल हवी. प्रत्येक मशीनसाठी कंपायलर कोण लिहीत बसणार? तेव्हा झुरिकच्या गटाने १९७३ च्या सुमारास एक युक्ती काढली. अस्तित्वातच नसलेलं एक काल्पनिक मशीन ठरवायचं, अगदी साधं. कंपायलरने त्याच्याच आज्ञा तयार करायच्या. या आज्ञा म्हणजे पी-कोड. मग ज्याला पास्कल हवी त्याने आपल्या मशीनवर फक्त त्या काल्पनिक मशीनची नक्कल करणारा छोटा प्रोग्रॅम लिहायचा. कंपायलर स्वतःही पी-कोडमध्ये तयार मिळायचा, त्यामुळे नक्कल जमली की कंपायलर आपोआप चालू!

हे काल्पनिक मशीन चालतं उतरंडीवर. आजीच्या घरी मडक्यांची उतरंड असायची, ठेवायचं ते वर, काढायचं तेही वरूनच. मावशीचं बिल त्यावर असं होईल: २६ ठेव. ७० ठेव. वरचे दोन उचल, गुणाकार करून १८२० ठेव. बाकी ८४० ठेव. वरचे दोन उचल, बेरीज २६६० ठेव. संपलं. आज्ञा इतक्या साध्या की कुठल्याही मशीनला त्या शिकवता येतात. आणि त्या आज्ञांमध्ये 'चेक' अशी एक स्वतंत्र आज्ञा होती, वरचा आकडा हद्दीत आहे का ते बघण्यासाठी. माझ्या प्रोग्रॅममध्ये नेमकी तीच नव्हती.

या पास्कल-पी कंपायलरची माहिती देणारा जो अहवाल झुरिकहून निघाला, त्यावर पाच लेखकांची नावं आहेत, आणि पहिलं नाव के. व्ही. नोरी यांचं. हेच नोरी पुढे पुण्याला, टाटांनी १९८१ मध्ये सुरू केलेल्या टीआरडीडीसी या संशोधन केंद्रात होते. १९८७ च्या डिसेंबरात सॉफ्टवेअर आणि सैद्धांतिक कॉम्प्युटर सायन्सवरची देशातली मोठी परिषद पुण्यात भरली, तिच्या निबंधांच्या खंडाचे संपादक तेच. इकडे पी-कोडचं काय झालं? अमेरिकेत सॅन डिएगोच्या विद्यापीठात केनेथ बोल्स यांनी तो उचलला, छोट्या मायक्रोकॉम्प्युटरवर बसवला, आणि पास्कल घराघरांत गेली. 'एकदा लिहा, कुठेही चालवा' ही जावाची जाहिरात आणि आपण वायवाला सांगतो तो बाइटकोड, सगळं याच कुळातलं. म्हणजे क्लासवाले ज्या जावाचे पैसे घेतात, तिच्या पणजीच्या जातकुळीत आपल्या एका माणसाचा हात आहे. हे आम्हाला कुठल्याही लेक्चरला कळलं नाही.

टीआयएफआरमध्ये मथाई जोसेफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच विचाराचं आणखी एक टोक गाठलं. अनेक प्रोसेसर असलेल्या मशीनसाठी ऑपरेटिंग सिस्टीम लिहायची, पण असेंब्लीत नाही, तर पास्कलच्या धर्तीवर स्वतः बनवलेल्या भाषेत. कुठली प्रोसेस कुठल्या माहितीला हात लावू शकते हे भाषेतच मांडलेलं, जेणेकरून कंपायलरच ते तपासेल. त्यावरचं जोसेफ, प्रसाद आणि नटराजन यांचं पुस्तक १९८४ मध्ये परदेशात प्रसिद्ध झालं, तेही होअर ज्या मालेचे संपादक होते त्या मालेत. म्हणजे ३१ जुलैच्या रात्री माझ्या प्रोग्रॅमने जे केलं, ते होऊच नये अशी भाषा कुलाब्याला चाळीस वर्षांपूर्वी लिहून झाली होती. मी कुलाब्याला गेले होते ते फक्त कॉजवेवर शॉपिंगला.

उपनगरातलंही सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल सगळं काय ते टाऊनमध्येच. टीआयएफआरमधल्याच एका केंद्रातून १९८५ मध्ये एनसीएसटी ही स्वतंत्र संस्था झाली, जुहूच्या गुलमोहर क्रॉस रोडवर, एस. रमाणी यांच्या नेतृत्वाखाली. पुढे ती सी-डॅकमध्ये विलीन झाली. आपल्यापैकी अनेकजण ज्या 'मंगल' फॉन्टमध्ये मराठी टाइप करतात तो र. कृ. जोशींचा, आणि जोशीसर या संस्थेत होते. पवईचं तर काय सांगायचं! सिस्टीम प्रोग्रॅमिंगला आपण ज्या धामधेरे यांच्या पुस्तकावर रात्री जागवतो ते आयआयटीत प्राध्यापक होते, कंपायलरवरच्या संशोधनासाठी जगभर माहीत असलेले. आपल्याला ते फक्त 'लास्ट नाइट'ला माहीत.

आता सी ची बाजू न मांडणं अन्याय होईल. मावशीचे पैसे गेले म्हणून मी चिडून सी ला शिव्या देत होते, तेव्हा सरांनी ब्रायन कर्निगन यांचा १९८१ चा लेख दिला, पास्कल आपल्याला का आवडत नाही यावर लिहिलेला. त्यांचं मुख्य गाऱ्हाणं रास्त आहे. मूळ पास्कलमध्ये अ‍ॅरेचा आकार हा त्याच्या टाइपचाच भाग. दहा आकडे लावणारं फंक्शन वीस आकडे घेऊ शकत नाही, दुसरं लिहा! शिकवायला सुंदर, कामाला जाच. उलट डेनिस रिची यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सी बनवली ती युनिक्स लिहिता यावी म्हणून. मशीनच्या जवळ जाऊन काम करणाऱ्या, आपण काय करतोय हे ठाऊक असलेल्या मूठभर लोकांसाठीचं ते हत्यार. पातं उघडं आहे कारण कारागिराला ते उघडंच हवंय. चूक रिचींची नाही. घरगुती डब्यांच्या हिशेबाला सुताराचा रंधा आणला तो मी.

पण गंमत अशी की ते हत्यार सगळीकडे गेलं. फोनमध्ये, राउटरमध्ये, ब्राउझरमध्ये. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने सांगितलं की त्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या सुरक्षेच्या त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के असल्याच मेमरीच्या चुकांमधून येतात. म्हणजे माझा एकतिसावा डबा, फक्त मोठ्या प्रमाणावर. फेब्रुवारी २०२४ मध्ये तर अमेरिकेच्या व्हाइट हाऊसमधून अहवाल निघाला की आता मेमरी-सुरक्षित भाषांकडे वळा. रस्ट वगैरेचा बोलबाला आहे तो यामुळेच. तो अहवाल आला त्याच्या जेमतेम दोन महिने आधी, १ जानेवारी २०२४ ला, विर्थ गेले. होअर यांचं व्याख्यान होऊन तोवर ४३ वर्षं झाली होती.

मावशीच्या प्रोग्रॅमचं काय केलं? सोपा उपाय म्हणजे अ‍ॅरे ३२ चा करणं. एका अक्षराचा बदल, काम फत्ते. तो मी केला नाही. पुन्हा भाषा बदलायचाही मोह झाला, पण सरांनी अडवलं. म्हणाले, आधी याच भाषेत नीट लिहून दाखव. मग अ‍ॅरेला थेट हात लावणारी प्रत्येक ओळ काढून टाकली. एकच छोटं फंक्शन लिहिलं. त्याला तारीख द्यायची. तारीख एकपेक्षा कमी किंवा त्या महिन्याच्या दिवसांपेक्षा जास्त असेल तर प्रोग्रॅम तिथल्या तिथे थांबतो आणि मराठीत सांगतो की ही तारीख चालणार नाही. पी-कोडमधली 'चेक' आज्ञा मी हाताने घातली म्हणा ना. मग मुद्दाम शून्य तारीख दिली, बत्तीस दिली, ३१ जून दिली, २९ फेब्रुवारी दिली. शेवटच्यात लीप वर्षाची आणखी एक चूक सापडली, ती वेगळीच कथा.

बुडालेले पैसे मी माझ्या पॉकेटमनीतून द्यायला गेले. मावशीने घेतले नाहीत. "तुझी फी समज," म्हणाली. वही मात्र तिने कपाटातून परत काढली आहे. आता प्रोग्रॅम आणि वही दोन्ही चालू असतं, आणि महिना एकतीस दिवसांचा असला की शेवटच्या दिवशी रात्री जेवणं आटपल्यावर ती आधी बाकीचा रकाना ताडून बघते, मग मला मिस्ड कॉल देते.